टॅबला कुंकू

माझा राग गावाला ठाऊक आहे. नगरच्या सावेडीतून निघालेली माझी स्कूटर शाळेच्या फाटकापाशी थांबली की, आज बाईंचा पारा कुठे आहे, हे पोरं म्हणे तिच्या आवाजावरूनच ओळखतात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते. वर्गात एकोणीस पोरं आणि गावाने लोकवर्गणीतून घेऊन दिलेला एक टॅब.

एकच टॅब, म्हणून आम्ही नंबर लावले. ज्याचा नंबर असेल त्याने टॅब घरी न्यायचा आणि धडा मोठ्याने वाचून रेकॉर्ड करायचा. नेटवर्क मिळालं की ते आपोआप ऑनलाइन जायचं. मी संध्याकाळी भाजी निवडता निवडता मोबाईलवर ऐकायची आणि उत्तरही बोलूनच पाठवायची. खरं सांगते, सुरुवातीला मला हे थोतांडच वाटलं होतं. ज्या पोराला माझ्यासमोर वाचता येत नाही, ते यंत्रापुढे काय दिवे लावणार?

वर्गात एक मुलगी होती. वाचायला उभं केलं की पुस्तक तोंडापुढे धरायची आणि ओठ घट्ट मिटायची. रागावून पाहिलं, गोंजारून पाहिलं, ढिम्म. पुढच्या वर्षी ती पाचवीला मोठ्या गावच्या शाळेत जाणार होती. तिथे साठ पोरांत हिच्यासाठी कोण थांबणार? ही अशीच मुकी राहिली तर मागे पडेल आणि एक दिवस शाळाच सोडेल, याची मला धास्ती होती.

तिच्या पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये नुसती शेळी ओरडत होती. दुसऱ्यात चार शब्द आले. मी उत्तर पाठवलं, "चार आले, पाचवा कुठंय?" पुढच्या नंबरला तिने अख्खी ओळ वाचली. हातातली मेथी बाजूला ठेवून मी ती ओळ तीनदा ऐकली. वर्गात मात्र तोंडाला कुलूप ते कुलूपच.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आम्ही शाळेत पाटीपूजन केलं. पोरांनी पाटीवर एक-एकच्या आकड्यांची सरस्वती काढली आणि मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "ज्यानं आपण शिकतो, त्याची पूजा करायची असते." त्या दिवशी टॅबचा नंबर त्याच मुलीचा होता.

सुट्टी संपली आणि टॅब परत आला तो बंद पडलेलाच. काचेवर हळदीची बोटं आणि चार्जिंगच्या भोकात ओलं कुंकू गच्च बसलेलं. माझं डोकं फिरलं. सगळ्या वर्गासमोर मी तिला फैलावर घेतलं. "अक्कल गहाण ठेवली होती का?" इथपर्यंत बोलले. तिने पुस्तक तोंडापुढे धरलं. शाळा समितीचे अध्यक्ष डेअरीत दूध घालून थेट वर्गात आले होते. ते म्हणाले, "बाई, ह्यो आता कपाटात ठिवा. घरला न्यायचं बंद." रागाच्या भरात मीही हो म्हणून टाकलं.

संध्याकाळी नगरात एका दुरुस्तीवाल्याकडे टॅब दिला. तो ब्रशने कुंकू उकरत असताना मला आठवलं, दसऱ्याच्या पाहुण्यांच्या गडबडीत तिचं रेकॉर्डिंग ऐकायचंच राहिलंय. तिथेच स्टुलावर बसून मी मोबाईल कानाला लावला.

आधी तिच्या आईचा आवाज आला. "आदी वाच, मंग पुजू. पुजल्यावर आज हात लावायचा न्हाई."

आणि ती वाचू लागली. अडखळली, मागे आली, पुन्हा पुढे गेली. पण पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सगळा धडा तिने वाचला. आई मधेच म्हणाली, "लई ग्वाड वाचती गं तू!" वाचून झाल्यावर रेकॉर्डिंग बंद करायचं ती विसरली असावी.

"खुरपं झालं, इळा झाला. आता तुजं आन हिकडं."

"आये, त्यात पानी जाईल."

"बोटभर कुंकवानं काय हुतंय? ज्यानं शिकतो ते पुजायचं, आसं बाईच म्हनल्या न्हवं?"

"व्हय."

मग बहुतेक कुंकवाचं बोटच काचेवरच्या बटणावर पडलं आणि रेकॉर्डिंग थांबलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने आईला सावध केलं होतं, आणि माझ्यासमोर आईचं नाव न घेता सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी डेअरीवरच अध्यक्षांना गाठून मी ते ऐकवलं. त्यांनी कॅनचं झाकण दाबून बसवलं. "जाऊ द्या घरला," म्हणाले, "फकस्त पूजा लांबून करा म्हनावं."

रागावले होते सगळ्यांसमोर, म्हणून तिची माफीही सगळ्यांसमोर मागितली. टॅब सुरू झाला होता. नंबर दुसऱ्या मुलीचा होता, पण तिने आपणहून तो हिच्या पुढ्यात सरकवला. त्या संध्याकाळच्या रेकॉर्डिंगमध्ये आधी अख्खा धडा होता. मग ती हळूच म्हणाली, "बाई, उद्या वर्गात वाचते. पन तुमी माज्याकडं बघू नका."

ज्या टॅबला मी थोतांड म्हणत होते, त्याचे आणि माझा शब्द माझ्यापेक्षा खरा मानणाऱ्या त्या माउलीचे उपकार मला या जन्मात फिटायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी मी तिला उभं केलं आणि फळ्याकडे तोंड करून पाठमोरी उभी राहिले. मागून पानाचा आवाज आला, मग पहिला शब्द, मग दुसरा. फळ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं, तरी तिचा धडा संपेपर्यंत मी तो पुसत राहिले.