ओदीलचा पाळणा

शिवाजी पेठेतल्या आमच्या दारात गाडी लागली होती, बॅगा डिकीत गेल्या होत्या आणि माझी नणंद उंबऱ्यात आडवी उभी होती. मला बाहेर पडू देईना. तिला सगळे आक्काच म्हणतात. रणजितची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, ती थोरली बहीण. रणजित चार महिने आधीच फ्रान्सला गेला होता, स्ट्रासबुर्ग नावाच्या गावी, आणि आता मी निघाले होते. मुंबईचं विमान गाठायचं, ड्रायव्हर दोनदा हॉर्न देऊन बसलेला, आणि ही बाई हलेना.

"लेकरू झालं की नाव मी ठेवणार," ती म्हणाली. "तिकडं परस्पर काय बी करायचं न्हाई. व्हय म्हन, मग जा."

मी व्हय म्हणाले. लग्नाला वर्ष झालेलं, लेकराचा पत्ता नाही, मला त्यात म्हणण्यासारखं काय वाटणार? आक्का बाजूला झाली आणि मी गाडीत बसले. पेठेचा कोपरा वळेपर्यंत ती हात न हलवता नुसती बघत उभी होती.

आक्काचं नाव ठेवण्यावर एवढं अडून बसणं मला तेव्हा हट्ट वाटलं होतं. आता तसं वाटत नाही. रणजित सात वर्षांचा असताना त्याची आई गेली आणि सोळा वर्षांच्या आक्कानं त्याला वाढवलं. त्याचं कॉलेज मार्गी लागेपर्यंत हिनं लग्न केलं नाही. मग बिद्रीला दिली. पुढं वडील गेल्यावर शेताच्या वाटणीची वेळ आली, तेव्हा आपल्याकडच्या बहुतेक बहिणी करतात तेच तिनं केलं. हक्कसोडपत्रावर सही केली, सगळं वावर भावाला. दोन मुलगे झाले, त्यांची नावं रीतीप्रमाणं तिच्या नणंदेनं ठेवली. आपल्यात बाईला स्वतःच्या पोरांचं नाव ठेवता येत नाही, ते आत्याचं काम. तिची पाळी येते ती भावाच्या लेकराला. आक्काला भाऊ एकच, तेव्हा पाळीही एकदाच येणार होती.

स्ट्रासबुर्गला मी पोचले ते नोव्हेंबरात. दुपारी चारलाच अंधारून यायचं. मी मूळची गडहिंग्लजची, बाजारच्या गावची. दुकानात शिरलं की दारातूनच 'ओ पावणं, दोन किलो द्या की' असं ओरडायची सवय. तिकडं पावाच्या दुकानात तसं 'दोन द्या' म्हणाले तर बाईनं मान वर करून बघितलंसुद्धा नाही. मी पुन्हा म्हणाले, जरा मोठ्यानं. रांगेतल्या सगळ्यांनी बघितलं, तिनं नाही. तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच रिकाम्या हातानं परत आले आणि जिन्यात मराठीत एकटीच बडबडत उभी राहिले.

तिथं आमच्या खालच्या मजल्यावरची म्हातारी भेटली. पोस्टातून निवृत्त झालेली, एकटी राहणारी, आवाज आपल्याकडच्या कंडक्टरचा. माझं एक अक्षर तिला कळलं नाही, पण राग कळला. दंड धरून ती मला परत त्या दुकानात घेऊन गेली, दारात उभी केली आणि माझ्याकडून 'बोंजूर' म्हणवून घेतलं. तिकडं आधी नमस्कार, मग धंदा. तो केला नाही तर तुम्ही त्यांच्या लेखी आलेलाच नसता. त्या दिवशी मला पाव मिळाला आणि गल्लीतलं पहिलं माणूस मिळालं. तिचं नाव ओदील.

तिनं मला भाषा शिकवली, आणि शिकवली म्हणजे वर्गात शिकवतात तशी नव्हे. भाजी चिरता चिरता, शेजाऱ्यांवर टीका करत, मी चुकले की हातावर चापट मारत. मी तिला पिठलं शिकवलं. तिखट खाऊन तिचे डोळे वाहायचे आणि ती पुन्हा ताट पुढं करायची. शाळेत पोरं तिला 'ओदील, क्रोकोदील' म्हणून चिडवायची, हेही तिनंच सांगितलं. क्रोकोदील म्हणजे मगर. तिनं त्यातल्या एकाचं नाक फोडलं होतं. ऐकून मला ती पेठेतलीच वाटली.

पावणेदोन वर्षांनी मला दिवस गेले. आक्काला फोनवर सांगितलं तर पहिलं वाक्य, "नाव ठरलंय. सांगणार न्हाई." मी म्हणाले, निदान अक्षर तरी सांगा. नाही म्हणजे नाही. नाव आधी फुटलं तर त्याची शोभा जाते, बाराव्याला लेकराच्या कानातच सांगायचं, असं तिचं ठाम. तिकीट काढून देतो म्हटलं तर विमानात बसायला तयार नाही. मग असं ठरलं की बाराव्या दिवशी फोन लेकराच्या कानाला लावायचा.

कळा सुरू झाल्या त्या सकाळी रणजित कामासाठी जर्मनीत होता. ओदीलनं पायातल्या घरच्या सपाता न बदलता मला तिच्या खेळण्याएवढ्या गाडीत घातलं आणि लाल सिग्नल बघितले न बघितले असं करत दवाखाना गाठला. सात तास माझा हात तिच्या हातात होता. माझी नखं तिच्या मनगटात रुतली, रक्त आलं, तिनं हात काढला नाही. एप्रिलातल्या त्या दुपारी मुलगी झाली, आणि तिला माझ्याआधी ओदीलनं बघितलं.

आणि मग खरा घोळ झाला. आपल्याकडं पाचव्या दिवशी सटवी येते आणि बाळाच्या कपाळावर लिहून जाते. तिकडं पाचव्या दिवसापर्यंत नगरपालिका लिहून घेते. बाळाचं नाव पाच दिवसांत नोंदवायचं, नाहीतर प्रकरण कोर्टात जातं. हे आम्हाला कळलं दुसऱ्या दिवशी. आम्ही दोघं शिकली-सवरलेली, आणि आधी एकदाही चौकशी केली नव्हती. बारसं बाराव्याला, हे आमच्या डोक्यात इतकं पक्कं की जगात दुसरी रीत असेल हेच सुचलं नाही.

मी आक्काला फोन लावला. नाव सांगा म्हणाले.

"बाराव्याआधी न्हाई."

"आक्का, इथलं सरकार मागतंय."

"कुठलं सरकार पाच दिसांच्या लेकराला नाव मागतंय? मला येड्यात काढू नकोस."

तीन दिवस असं चाललं. रणजितनं समजावलं, रागावला, शेवटी हात टेकले. तिला वाटलं, नाव आधी काढून घ्यायचा हा आमचा डाव आहे. पाचव्या दिवशी नगरपालिकेत खिडकीपलीकडच्या बाईनं रणजितला नाव विचारलं. त्यानं माझ्याकडं बघितलं. बाळ माझ्या मांडीवर, आणि बाकावर शेजारी मनगटाला पट्टी बांधलेली ओदील. मी म्हणाले, ओदील. बाईच्या भुवया वर गेल्या. तिकडं आता हे नाव कुणी ठेवत नाही, आपल्याकडं आज कुणी तान्ह्या पोरीचं नाव भागीरथीबाई ठेवावं तसं. म्हातारी माझ्याकडं वळून काहीतरी बोलायला गेली आणि तिला रडू फुटलं.

आक्काला कळवल्यावर ती एवढंच म्हणाली, "बरं." आणि फोन ठेवला. बाराव्याला लावला तो उचलला नाही. पुढं दोन वर्षं तिनं माझ्याशी अबोला धरला. रणजितशी बोलायची ते 'बरं हायस न्हवं' एवढंच. पोरीचं नाव तर तोंडातून काढायची नाही. मी चिडायचे, मला काय हौस होती का, म्हणून भांडायचे, पण भांडण रणजितशीच. ती समोर असती तर दोन शब्द तिनं ऐकवले असते, दोन मी. ते बरं झालं असतं. परदेशात राहणाऱ्यांनो, तुम्हाला हे माहीत असेल, लांबून रुसलेल्या माणसाची समजूत काढायला हातात काहीच नसतं. माझा शब्द मोडला होता आणि तिचा एकुलता एक मान गेला होता, हे मला रोज टोचायचं.

पोर सहा महिन्यांची असताना म्हातारी आम्हाला एका डोंगरावर घेऊन गेली. तिकडं त्या नावाच्या संत बाईचं ठाणं आहे. आपला जोतिबा कसा लांबून दिसतो तसा तो डोंगर. ती बाई जन्मांध होती, बापानं मुलगी आणि वर आंधळी म्हणून टाकलं, पुढं दृष्टी आली, अशी कथा. झऱ्याचं पाणी लोक डोळ्यांना लावतात. तिथं बसून म्हातारीनं नावाचा अर्थ सांगितला. फार जुन्या जर्मन बोलीतला शब्द, अर्थ वाडवडिलांकडून आलेली जमीन, ठेवा. मी उतरताना सबंध वाट मराठी शब्द शोधत होते. खाली आल्यावर सापडला. वतन.

पोर दोन वर्षांची झाली तेव्हा आम्ही सुट्टीला कोल्हापूरला आलो. मी ठरवूनच आले होते, बारसं करायचं. लोक हसले. चालत्या-बोलत्या पोरीचं बारसं? मी म्हणाले, हसा. पाळणा आणला, बायका बोलावल्या, घुगऱ्या शिजवल्या आणि रणजितला बिद्रीला पाठवलं. आक्का आली. भाऊ न्यायला आला म्हणून आली. येऊन भिंतीला टेकून बसली. पोर तिच्यासमोर जाऊन उभी राहिली, तिनं पदर सावरला, हात पुढं केला नाही.

मी सगळ्यांसमोर म्हणाले, "आक्का, चुकलं माझं. कागदावरचं राहू दे, पाळण्यातलं नाव तुमचंच. तुम्ही ठरवलेलं ठेवा."

मग शेजारची एक काकू म्हणाली, "पर त्या नावाचा अर्थ तरी काय गं? आपल्या नावाला काय तर अर्थ असतोय की."

मी सांगितला. आंधळ्या मुलीची गोष्टही सांगितली.

आक्कानं पहिल्यांदा सरळ माझ्याकडं बघितलं. दोन वर्षांत पहिलाच प्रश्न.

"वतन? पोरीचं नाव?"

"व्हय."

"मी सही करून सोडलं," आक्का म्हणाली, अगदी सावकाश, "आन् हिनं जन्मल्या जन्मल्या नावावर करून घेतलं." रणजितनं मान खाली घातली. त्या सहीचं पुढं काय करायचं ते आता त्या भावाबहिणींत चाललंय, मी मधे पडत नाही. आक्का उठली, पोरीला उचललं, पाळण्यात पाय बाहेर लोंबत होते तरी आडवी घातली. "दुसरं नाव कशाला? मी ह्येच ठेवतो," म्हणाली. कानाशी वाकून कुर्रर्र केलं, नाव सांगितलं. पाठीवर बायकांचे गुद्दे पडले. आणि आक्कानं पाळण्याची दोरी ओढून सूर धरला. लिहून आणलेलं काही नव्हतं, तिथंच जुळवत गेली:

पयल्या दिवशी मांडीवं घेता रुसवा निघून जाईल,
बिद्रीची आत्या नाव ग ठेवी, नाव ठेवी ओदील, जो बाळा जो जो रे जो.

दुसऱ्या दिवशी उसाच्या बांधाला पोर उभी राहील,
आपुलं वावर आपण बघील, माझी भाची ओदील, जो बाळा जो जो रे जो.

तिसऱ्यापासून सगळ्या बायका टाळ्यांवर आल्या. येईल, गाईल, होईल, आक्का नुसती यमकं देत गेली, कुठं अडली नाही. पोर पाळण्यात उठून बसली आणि आपलं नाव आलं की दोन्ही हात वर करायची. मी स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडले आणि तोंड धुऊन परत आले.

त्याचं रेकॉर्डिंग मी स्ट्रासबुर्गला नेलं. म्हातारीला ओळ न् ओळ समजावली. सत्तर वर्षांत तिच्या नावाला मगरीशिवाय काही जुळवलेलं तिनं ऐकलं नव्हतं. आता ती ते भांडी घासताना म्हणते, सूर चुकवून.

मागं राहिलेल्यांनो, तुम्ही फोनवर विचारता, कायमचं परत कधी येणार, घर कुठलं म्हणायचं तुमचं? मला आता त्या प्रश्नाचं वाईट वाटत नाही. ज्या दारात माझ्या लेकीची हक्कानं वाट बघतात ते घर, आणि अशी दारं मला दोन आहेत. परवाच फोनवर पेठेतल्या कुणाला तरी मी सांगत होते की हे नाव आमच्या खालच्या मजल्यावरच्या बाईंचं, दवाखान्यात असं असं झालं. पलीकडून, पेठेत आलेल्या आक्कानं फोन हिसकावून घेतला.

"तू मधी बोलू नकोस," ती म्हणाली. "नाव मी ठेवलंय."