रद्दीतलं युद्ध

काल सून बाजारातून गुलाब घेऊन आली. गुलाबाभोवतीच्या ओल्या कागदाचा वास नाकात शिरला आणि मी थेट आमच्या मखमलाबादच्या मळ्यात जाऊन पोचले.

सकाळी मी गुलाबाच्या जुड्या बांधायची आणि यांनी त्या रद्दीच्या कागदात गुंडाळायच्या, असं आमचं काम. पण हे आधी कागद वाचणार! रद्दी महिन्या-दोन महिन्यांची, काळजी मात्र आजची. चंद्रावर माणूस कशाला पाठवायचा, अमेरिकेनं कसं वागावं, सगळं बोलून झालं की विचारायचे, “तुला काय वाटतं गं?” मी म्हणायची, “मला वाटतं, आता टेम्पो येईल.”

एकदा शेजारचे चौघे तिथं बसलेले. महिन्यापूर्वी युद्ध सुरू झाल्याची बातमी वाचता वाचता हे म्हणाले, “हे युद्ध महिनाभरसुद्धा टिकायचं नाही, बघा तुम्ही.”

मी फटकन बोलले, “अहो, ते संपून पंधरा दिवस झाले! शिळ्या बातमीवर कसलं शहाणपण?”

सगळे खो खो हसले. हेही हसले. मग तोच कागद जुडीला गुंडाळला. पुन्हा कधी त्यांनी मोठ्यानं वाचलं नाही, की मला काही विचारलं नाही.

आता हे नाहीत. आणि काल इतक्या वर्षांनी माझ्या ध्यानात आलं, यांचा अंदाज तर बरोबरच निघाला होता की! ते तेव्हा एकालाही सुचलं नाही. त्या दिवशी जुड्या लवकर आटपल्या, याचंच मला बरं वाटलं होतं.