शेवटच्या चेंडूवरची धाव

शनिवार पेठेतल्या श्याम खाडिलकरांचा जगावर विश्वास नव्हता. पाव किलो शेंगदाणे आणले तरी ते घरी पुन्हा तोलायचे. छप्पन्नाव्या वर्षीही दर रविवारी ते प्रौढांच्या क्लबकडून सलामीला खेळत, आणि तिथे त्यांचा संशय साक्षात जोडीदारावर होता.

हा सुदर्शन मूळचा अमरावतीकडचा, कात्रजला राहणारा, कारखान्यात फिटर. चार वर्षं दोघे बरोबर खेळत होते. या मोसमात मात्र त्याला एक खोड लागली होती. पुढची ओव्हर वेगवान गोलंदाजाची असली, की आधीच्या ओव्हरच्या शेवटच्या चेंडूवर तो हमखास एक धाव काढायचा. टोक बदललं, की वेगवान गोलंदाजासमोर पुन्हा हाच! जोरात आलेल्या चेंडूला नुसती बॅट लावली तरी चौकार जातो. म्हणजे चौकार याचे, आणि श्यामरावांनी नुसतं पळायचं. कुठेतरी पाणी मुरत होतं. कॅप्टनच्या नजरेत भरून हा आपला पत्ता कापणार, याबद्दल त्यांना शंकाच उरली नव्हती.

तसं चोराच्या मनात चांदणं होतंच. त्यांना डाव्या डोळ्याने अंधुक दिसू लागलं होतं. कॅप्टनला कळलं तर रविवार संपले, म्हणून ते घरीसुद्धा बोलले नव्हते.

त्या रविवारी पुन्हा तेच. शेवटचा चेंडू सुदर्शनने हलकेच ढकलला आणि हाक दिली, "या, श्यामभाऊ!"

धाव सोपी होती. श्यामरावांनी जागेवरूनच हात वर केला. "आज नाही!"

अर्ध्यावर आलेला सुदर्शन मागे वळला, घसरला आणि धावबाद झाला. बॅट काखेला मारून तो तंबूकडे निघून गेला. श्यामरावांना मनातून गुदगुल्या झाल्या.

आता वेगवान गोलंदाजासमोर ते स्वतः. पहिला चेंडू त्यांना दिसलाच नाही. दुसऱ्याचा फक्त आवाज आला, मागे यष्टी उडाल्याचा.

तंबूत सुदर्शन पॅड सोडत होता. हळूच म्हणाला, "डोळा डॉक्टरला काहून दाखवत नाही जी?"

श्यामराव चपापले. "कोणी सांगितलं तुला?"

"चार वर्षं समोर उभा आहे तुमच्या. जोराचा चेंडू दिसत नाही तुम्हाला. म्हणून तं तो मी घेत होतो."

श्यामरावांना स्वतःची भयंकर लाज वाटली. तेवढ्यात कॅप्टन आमोद तणतणत आला. "तो रनआउट कोणाच्या चुकीनं झाला?"

"माझ्या," सुदर्शन पटकन म्हणाला. "हाक चुकली."

"नाही," श्यामराव उठून उभे राहिले. "चूक माझी. आणि मला डाव्या डोळ्यानं दिसत नाही."