आग्नेल पेंटर आणि तिसरी खिडकी

मालवणच्या बाजारामागचं छोटं चर्च चाळीस वर्षं एकट्या आग्नेल पेंटरने रंगवलं. होड्यांवरची नावं आणि दुकानांच्या पाट्या हा त्याचा रोजचा धंदा. पण त्याने काढलेलं चर्चचं मोठं चित्र आत दरवाजाशीच लावलेलं होतं. मुंबईहून आलेला पाहुणा तिथे थांबून "हे कोणी काढलं?" म्हणून विचारी, तेव्हा आग्नेल मुद्दाम दूर उभा राही आणि कान तिकडे लावी.

गेल्या वर्षी मसुऱ्याच्या ग्लेनिशा टीचरला घराची कौलं उतरवताना माळ्यावर एक जुनं चित्र सापडलं. चित्र याच चर्चचं होतं. मागे १८७२ साल लिहिलेलं, नाव मात्र कुणाचंच नाही. फादरनी ते काचेत बसवून दरवाजाशी लावलं. आग्नेलचं चित्र आतल्या खोलीत, कपाटाशेजारी गेलं.

लोकांसमोर आग्नेल "बरा आसा" म्हणाला. घरी मात्र जेवला नाही.

"मेलल्या माणसावर कसलो राग धरतंस?" त्याची बायको वेरोनिका म्हणाली.

"तेचो पांढरो बघितलंस? सकाळचा ऊन पडलेलो चुनो, तसोच. माका जल्मात तो रंग जमाक नाय."

मग रोज दुपारी तो चर्चमध्ये जाऊन त्या चित्रात खोट शोधू लागला. नवव्या दिवशी ती सापडली. समुद्राकडच्या भिंतीला चित्रात तीन खिडक्या होत्या. खऱ्या चर्चला दोनच! रविवारी मिस्साची प्रार्थना संपताच त्याने सगळ्यांना थांबवलं.

"फादर, इगर्जीत खोटा चित्र कित्याक? काढून टाका ता!"

फादर हसले. "खोटं की खरं, ते भिंतच सांगेल. सणाआधी रंग द्यायचाच आहे. आधी ठोकून बघ."

आग्नेलने सगळ्यांदेखत हातोडी घेतली. दोन खिडक्यांच्या मधून तो ठोकत गेला. कोपऱ्याजवळ आवाज बदलला. गिलावा खरवडला तर आत चिऱ्यांची कमान आणि ती बुजवायला घातलेले निराळ्या रंगाचे चिरे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या कुणासाठी, हे आग्नेलला कुणी सांगायला नको होतं. त्याच जागेवर चाळीस वर्षं त्याने ब्रश फिरवला होता.

तो चार दिवस घराबाहेर पडला नाही. पाचव्या दिवशी खिडकी पुन्हा उघडायला गवंडी चिरे काढत असताना तो आला. त्याने नव्या चौकटीला तेल पाजलं, रंग दिला. आपलं चित्र त्याने घरी नेलं आणि त्यात तिसरी खिडकी काढली. पांढरा रंग तीनदा खरवडला, तरी मनासारखा जमला नाही.

सणाच्या दिवशी ग्लेनिशाने भीत भीत विचारलं, "अंकल, अजून राग आसा?"

"राग नाय गो," आग्नेल म्हणाला. "पण तो जितो आसतो, तर तेका मी हयच्या भिंतीक ब्रश लावूक दिलो नसतो."