भाट्याच्या समुद्रात विलास

काल वर्तकनगरच्या बागेत सुरूच्या फांद्या छाटत होते. तो ओला वास आला आणि मी थेट रत्नागिरीला, भाट्याच्या सुरूबनाशेजारच्या किनाऱ्यावर जाऊन पोचलो.

वागळे इस्टेटमधली आमची कंपनी बंद पडली, त्या वर्षीची गोष्ट. मला दुसरीकडे काम मिळालेलं, माझा मित्र विलासला मिळेना. डोंबिवलीच्या घरात तो दिवसभर खिडकीशी बसून राहायचा. शेवटी त्याची बायको म्हणाली, "भावजी, यांना दोन दिवस कुठेतरी घेऊन जा."

मी त्याला रत्नागिरीला नेलं. सकाळी आम्ही, इंग्रजांनी इथे कैदेत ठेवलेल्या ब्रह्मदेशाच्या राजाचा वाडा पाहिला. विलासने एवढंच विचारलं, "हा माणूस दिवसभर करत काय असेल रे इथे?"

संध्याकाळी तो चपला काढून समुद्रात शिरला. पाणी गुडघ्यापर्यंत आलं, मग कमरेपर्यंत, तरी थांबेना. त्याला पोहता येत नव्हतं. "विलास! अरे, बस झालं!" ओरडत मी पँटसकट आत धावलो आणि त्याचा दंड घट्ट धरला.

तो हळूच म्हणाला, "सोडू नकोस हां."

तेव्हा वाटलेलं, लाटांना घाबरला. आता मी निवृत्त होऊन घरी बसतो, आणि ते शब्द मला वेगळे ऐकू येतात.

एकमेकांना धरून आम्ही बाहेर आलो. विलास म्हणाला, "भूक लागली रे." कित्येक महिन्यांत त्याने स्वतःहून मागितलेलं ते पहिलंच जेवण. इतक्या आनंदाने मी पुन्हा कधी कुणाला जेवायला नेलं नाही.