डावा हात

बालाघाटच्या बसस्टँडजवळ माझं बांगड्यांचं दुकान होतं. लांजीकडची एक बाई नवऱ्यासोबत दर सणाला यायची. नाव मी कधी विचारलं नाही. हाताचं माप तेवढं पाठ होतं. ते वाढतच गेलं.

"अंगानं भरली न मी," ती खुशीत म्हणायची. किडन्या निकामी होत चालल्याची ती सूज होती, हे फार उशिरा कळलं.

पुढं ती उजवाच हात पुढे करू लागली. "डाव्यात नका भरू भाऊ. नागपूरले डायलिसिसच्या सुया त्यातच टोचतात."

मग एका दुपारी नवरा एकटाच हिरव्या बांगड्या घ्यायला आला. मयत घेऊन जाणारी जीप बाहेर उभी होती. सवयीनं मी एकाच हाताच्या काढल्या.

"दोन्ही हाताच्या द्या भाऊ," तो म्हणाला. "आता डाव्यातही चालते."