ताईंच्या हाताचा दोष

हे मी अजून कुणापुढे बोललेली नाही. आईपुढे नाही, नवऱ्यापुढे नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. तुम्ही माझे कोण? कुणीच नाही. कदाचित म्हणूनच जमेल.

आधी माझं काम सांगते, नाहीतर चूक कळायची नाही. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब माळ. ती सरळ राहत नाही, स्वतःभोवती गुंडाळली जाते, आणि मग माळेत एकमेकांपासून दूर असलेले मणी शेजारी येऊन बसतात. कोण कुणाच्या किती जवळ आलं, ते मी संगणकावर मोजते. ठरावीक अंतराच्या आत असले की आम्ही त्याला संपर्क म्हणतो. कुठला संपर्क प्रथिनाला धरून ठेवतो, कुठला तोडला तर ते सुटेल, हे त्यावरून सांगायचं असतं. माझे वडील आमच्या मुठा गावात एका बंगल्यावर राखणदार आहेत. मालक शनिवार-रविवारी येतात, त्यांना ते कौतुकाने सांगत, "आमची पोरगी लई बारीक बघती."

बारीक बघती. हे वाक्य मला अजून नीट ऐकवत नाही.

घरात पदवी घेतलेली मी पहिली. शाळा गावातली, कॉलेज पौडच्या बसने जाऊन-येऊन. त्यामुळे संशोधन संस्थेत नोकरी लागली तेव्हा मी सगळ्यांचीच उपकृत होते, अगदी दार उघडणाऱ्या शिपायाचीसुद्धा. आणि सगळ्यांत जास्त अर्चनाताईंची. ताई आमच्याच प्रयोगशाळेत, आमच्या प्रमुख सरांच्या हाताखाली पीएच.डी. करत होत्या. संस्थेजवळ माण गावातली खोली त्यांनीच मला शोधून दिली. मीटिंगमध्ये इंग्रजीत बोलायची वेळ आली की मी अडखळायचे, तर त्या मला रिकाम्या कँटीनमध्ये उभं करून सगळं बोलायला लावायच्या आणि समोर बसून मुद्दाम जांभया द्यायच्या. म्हणायच्या, सर याहून जास्त देतात, सवय कर.

मी मोजायचं आणि ताईंनी ते हाताने करून बघायचं, अशी आमची वाटणी होती. त्यांचा हात—काय सांगू? इतका स्थिर हात मी पाहिला नव्हता. सुईच्या टोकाएवढा थेंब त्या गप्पा मारता मारता नेमका जागेवर सोडायच्या.

आमचं प्रथिन जोडीने राहणारं होतं. दोन सारखे रेणू एकमेकांना धरून. जोडी तोडली तर ते काम करायचं थांबेल, असा सरांचा अंदाज होता. कुठे तोडायची, ते मी सांगायचं होतं. मी रचनेची फाईल उघडली, तिच्यात दोन रेणू शेजारी शेजारी होते. त्यांच्यामधले संपर्क मोजले, सगळ्यांत जास्त संपर्क असलेलं अमिनो आम्ल निवडलं आणि म्हटलं, हे बदला. त्या दोन रेणूंचं रंगीत चित्र मी फोनवर वडिलांनाही दाखवलं होतं.

आता चूक. ही रचना कळते ती प्रथिनाचा स्फटिक करून. स्फटिकात तेच रेणू हजारोंनी, दाटीने रचलेले असतात. माणमध्ये मी राहत होते त्या चाळवजा खोल्यांसारखे. माझ्या खोलीची भिंत आणि शेजारच्या खोलीची भिंत एकच होती. पलीकडच्या मुलाचा गजर मला ऐकू यायचा. पण तो माझा कोण होता? नाव माहीत नव्हतं. फाईलमधले ते दोन रेणू असे होते. दाटीमुळे टेकलेले, बाहेर एकमेकांना न ओळखणारे. खरी जोडी दुसऱ्याच अंगाने जुळत होती, आणि ती बघायला आजूबाजूचे रेणू मांडून पाहावे लागतात. मी मांडले नाहीत. भिंत एक दिसली आणि मी नातं धरून चालले.

इथपर्यंत ती नुसती चूक होती. नवीन माणसाची. सांगितली असती तर दोन दिवस बोलणी खाल्ली असती.

ताईंनी मी सांगितलेला बदल केला. प्रथिन तयार केलं, शुद्ध केलं, तपासलं. जोडी जशीच्या तशी. पुन्हा केलं. पुन्हा जोडी. बदल झालाय याची खात्री होत होती, मग जोडी सुटत का नाही? सरांनी कारण काढलं—न बदललेलं, मूळचं प्रथिन कुठूनतरी यात मिसळतंय. म्हणजे काम स्वच्छ होत नाही. ताईंनी सगळी काचसामग्री नव्याने धुतली. रसायनं फेकून नवी केली. हातमोजे बदलून बदलून त्यांची बोटं सोलवटली. पावसाळा गेला, थंडी गेली. त्यांच्या बरोबरीच्या मुली प्रबंध लिहायला बसल्या आणि ताई धूतच राहिल्या.

मला कळलं ते त्याच काळात. दुसऱ्या एका प्रथिनावर काम करताना मी सवयीने शेजारचे रेणू मांडले, आणि मनात आलं, तेव्हा आपण हे केलं होतं का? जुनी फाईल उघडली. मांडले. खरी जोडी समोर होती—रुंद, घट्ट, मी कधी बघितलीच नव्हती अशा बाजूला. मी सांगितलेलं अमिनो आम्ल त्या जोडीपासून लांब, नुसतं बाहेर उघडं पडलेलं. ते बदलून काय सुटणार होतं? ताईंचं प्रत्येक उत्तर बरोबर होतं. पहिल्या दिवसापासून.

मी उठून जायला हवं होतं. ताई पलीकडच्याच खोलीत होत्या, काचेतून दिसत होत्या.

मी फाईल बंद केली.

मग सोमवारची मीटिंग. सरांनी सगळ्यांसमोर मला विचारलं, "तुझं गणित पुन्हा एकदा तपासलंस ना?"

ताई माझ्या शेजारी बसल्या होत्या. मी म्हटलं, "हो सर. बरोबर आहे."

सर ताईंकडे वळले आणि म्हणाले, "मग हातातच दोष आहे, अर्चना."

माझा करार तेव्हा संपत आला होता, हे खरं आहे. वडील गावभर सांगत फिरत होते, हेही खरं आहे. पण त्या क्षणी मला त्यांतलं काहीच आठवत नव्हतं. आठवत होतं एवढंच, की सगळे माझ्याकडे बघत आहेत आणि मला हुशार समजत आहेत. बस. एवढ्यासाठी.

ताईंनी काही महिन्यांनी पीएच.डी. सोडली. जाताना त्यांनी मलाच समजावलं. म्हणाल्या, "तू मनाला लावून घेऊ नकोस गं. तुझं काम चोख होतं. माझ्याच हाताला नाही ते." मी म्हटलं, असं नका म्हणू, ताई. आणि तेवढंच म्हटलं.

त्यानंतर मी हळूच नवं विश्लेषण पुढे केलं. आणखी खोलात गेल्यावर दुसरी जागा सापडली, असं सांगितलं. ताईंच्या जागी आलेल्या नव्या मुलाने ती बदलली आणि जोडी सुटली. पहिल्याच खेपेला. सर खूश झाले आणि म्हणाले, बघा, हात चांगला असला की कसं होतं. जो पुरावा ताईंना सोडवणारा होता, तोच त्यांच्यावर उलटला. माझ्यासमोर. मी पेढा खात होते.

ताई आता जांबे गावात राहतात, लहान मुलांच्या विज्ञानाच्या शिकवण्या घेतात. आमचं जाणं-येणं त्यांनीच टिकवलं. मागच्या मे महिन्यात मी त्यांना घरी मुठ्याला घेऊन गेले. आमचं घर बौद्धवाडीत. गावातले सगळे आमच्याकडे पाणी पितातच असं नाही, म्हणून कुणी शहरातून जेवायला येणार म्हटलं की आई सकाळपासून अंगण झाडते. त्या दिवशी तिने लोणचं घालायला काढलं होतं. आमच्याकडे लोणचं कालवताना घरातल्या प्रत्येक बाईने हात घालायचा असतो. मी घातला, वहिनीने घातला. आईने परात ताईंपुढे सरकवली.

"घाला की ताई हात. तुमी बी घरच्याच."

ताईंनी दोन्ही हात मागे घेतले. "नको काकू. मी नको."

आईचा चेहरा उतरला. असे मागे घेतलेले हात तिने आयुष्यात पुष्कळ पाहिले आहेत. तिने परात आपल्याकडे ओढून घेतली. ताईंच्या ते लक्षात आलं. त्यांनी पटकन त्याच परातीतली एक फोड उचलून तोंडात टाकली, तिखटाने डोळ्यांत पाणी आलं तरी दुसरी खाल्ली, आणि हसत म्हणाल्या, "तसं नाही हो काकू. माझा हातच वाईट आहे. मी हात घातला की काहीतरी मिसळतं नि बिघडतं. हिला विचारा."

आईने माझ्याकडे पाहिलं. ताईंनीही—हसतच.

माझा हात मसाल्याने भरलेला होता. मी म्हटलं, ताई चेष्टा करतायत.

दुपारी ताई आमच्यात मांडीला मांडी लावून जेवल्या, भाकरी मागून घेतली. त्यांना गाडीत बसवून आल्यावर आई बरणीच्या तोंडाला फडक्याचा दादरा बांधत होती. "तशी न्हाई ती बाई," आई म्हणाली. "जेवली की पोटभर." मग गाठ मारता मारता थांबली.

"मग हात का घालंना गं?"

मी म्हटलं, सवय नसेल.

आई, त्यांचा हात चांगला होता. चूक मी केली होती, मला ती कळली होती, आणि मी बरोबर आहे म्हटलं.